परातीखालची भाकरी

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी उठून भांडी घासायला जाणारी बाई. आजही विश्वास नाही. पण नात म्हणाली, लिहून काढ की आजी... म्हणून ही एकच.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. आम्ही सोलापुरात, साखर पेठेत. दोन खोल्या आणि मागं स्वयंपाकघर. आमचे हे मिलमध्ये, मी दुपारी शिवणक्लासवर. मुलगा शिकायला बाहेर, म्हणून त्याच्या खोलीत एका शाळेनं हेलनला ठेवलं. स्कॉटलंडची. कॉलेजच्या आधी वर्षभर परमुलखात राहायचं, मुलांना इंग्रजी शिकवायचं — नात आता त्याला गॅप इयर म्हणते.

पोरगी गुणाची, पण जेवेना. ताटावर दोन घास, की झालं. डोळे कायम सुजलेले. शेजारची कमलाबाई म्हणायची, "गोरीला हवा मानवंना, वैनी. द्या पाठवून." यांनीही शाळेत सांगितलं, परतीचं तिकीट बघा. मला मात्र ते लागलं. लोकाची लेक, माझ्या घरातून उपाशी जाणार?

शेवटी एका संध्याकाळी सरळ विचारलं, "जायचंय का ग तुला?"

तिनं शब्द जुळवत सांगितलं, "आधी जायचं होतं, अक्का. आता नाही. आता दुपारची भाकरी आहे."

"कसली दुपारची भाकरी?"

तिला वाटलं मी थट्टा करते. हसत मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि चुलीजवळची पालथी परात दाखवली. रोज याखाली असते, म्हणाली, गरम. मग तळहातावर अंगठा दाबून म्हणाली, "इथं असा खड्डा. त्यात तेल, शेंगाचटणी."

तो खड्डा माझ्या ओळखीचा होता.

आता माझं सांगते. मी दुधनीची, घरात कानडी बोलणारी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मराठी धड कळायचं नाही. सुना शेवटी जेवायच्या, गार झालेलं. मी परसात जाऊन रडायची. सासूबाई कडक, गोड शब्द कधी नाही... पण दुपारी सगळे आडवे झाले की याच परातीखाली माझ्यासाठी एक गरम भाकरी असायची. मधोमध अंगठ्यानं खळगा, त्यात तेल आणि चटणी. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. मी ताटावर नीट जेवायला लागले, तशी ती भाकरी बंद झाली. ही गोष्ट मी यांनासुद्धा कधी सांगितली नव्हती. आणि सासूबाई जाऊन तर किती वर्षं झाली होती!

मी क्लासला निघताना चूल विझवून, सारवून जायची. संध्याकाळी सारवण जसंच्या तसं. हेलनची शाळा सकाळची, दुपारी घरी आली की ती दाराला आतून कडी लावायची. कमलाबाईला विचारलं, तर तिनं सिद्धरामाची शपथ घेतली. "मला माझ्याच घरचं उरकंना, वैनी," म्हणाली.

हेलनला मी काही सांगितलं नाही. तिकीट तेवढं थांबवायला लावलं. हळूहळू ती माझ्या शेजारी बसून जेवायला लागली, कमलाबाईशी भांडण्याइतकं मराठीही आलं. मग एकदा सहज म्हणाली, "अक्का, दुपारची भाकरी आता येत नाही. चालेल. मला सकाळची पण आवडते."

वर्ष पुरं करून गेली. स्टेशनवर रडली, पण पोट भरून गेली.

ती गेल्यावर एकदा मी क्लास बुडवला. स्वयंपाकघरात आडवी झाले, डोळे मिटून पडले. भांड्याचा आवाज नाही, काही नाही. उठून परात उचलली... खाली नुसती जमीन.

खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं. मग म्हटलं, आपण आता या घरच्या झालो.

यातलं मला अजून काही उमगलेलं नाही. कुणाला उमगलं तर सांगा. आता गॅसची शेगडी आहे, घरही दुसरं, पण ती परात मी मोडीत दिली नाही. घरात कुणी नवं माणूस राहायला आलं, की ओट्यावर पालथी घालून ठेवते.