विरजणाची माती

ये गं पोरी, इकडे माझ्याजवळ सरकून बस. कागदावर का होईना, पण बस. दोन वर्षं झाली तुला बुऱ्हाणपूरला पाय लावून. माझी बहीण, म्हणजे तुझी आई, फोनवर कौतुकानं सांगते की पोरगी प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासते, तिला जेवायला सुद्धा सवड नाही. अगं, साऱ्या गावांची माती तुझ्या टेबलावर येते आणि मावशीच्या वावराची तेवढी तुला दिसत नाही? तोंड पाडू नको. माझा सगळा राग काही तुझ्यावर नाही. तुझ्या वाट्याचा चिमूटभर होता, तो झाला. बाकीचा कोणावर आहे ते ऐक.

तुला आमचं जसोंडीचं वावर आठवतं ना? विहिरीच्या वरच्या अंगाला जो उंचवटा होता, तिथे बसून तू पेरू खाल्ले होतेस. तो उंचवटा आता नाही. वैशाखात मी नणंदेकडे चांदनी गावाला लग्नाला गेले होते. चार दिवस. हळद, लग्न, सत्यनारायण करून परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागेच्या आमच्या घरातून माझ्या पोराच्या गाडीवर मागे बसून वावरात गेले, तर मला वाटलं हा चुकून दुसऱ्याच्याच शेतात घेऊन आला. सगळं सपाट. परातीत पीठ थापून ठेवावं तसं. आणि रंग? पिवळट-पांढरा, चुनखडीचा. आमची काळी माती कुठे गेली ते मला कळेना.

"काय केलंस रे हे?"

"लेव्हल केलं, माय. मशीन बोलावली होती. आता ठिबकचं पाणी सगळीकडे सारखं जाईल. देख ना, कैसा मैदान बना है!"

"मैदान पाहिजे होतं तर बॅट घेऊन गल्लीत जा. वरची माती कुठंय?"

"खालच्या खड्ड्यात भरली. जाते कुठे? आपल्याच वावरात आहे."

म्हणजे बघ, मशीननं आधी उंचवट्यावरची काळी माती ढकलून खड्ड्यात लोटली, मग खालची पिवळी खरवडून तिच्यावर पसरली. वरचं खाली, खालचं वर. मी त्याला म्हटलं, अरे, भाकरीवरचा पापुद्रा काढून फेकलास आणि आता तवा चाटायला बसलास. तर माझा चाळिशीतला लेक मला काय म्हणतो? "माय, माती माती होती है. वरची काय, खालची काय. खत तर आपणच देतो ना?"

हेच वाक्य. खत तर आपणच देतो. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलंय. भाजी चिरताना आठवतं आणि विळी नको तितकी जोरात चालते.

आता माझ्या सासूबाईंचं सांगते, नाहीतर पुढचं तुला कळायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा केळीचं बेणं म्हणजे जुन्या बागेतून खणून काढलेले कंद असायचे. नवीन बाग लावायची त्या दिवशी सासूबाई जुन्या बागेतली माती टोपल्यात भरून आणायच्या. वरवरची, पानं कुजलेली, हातात घेतली की गार लागणारी. कंद ठेवण्याआधी प्रत्येक खड्ड्यात एक मूठ. त्या तिला विरजण म्हणायच्या. कोणा बाईनं दोन मुठी टाकल्या की लगेच ओरडायच्या, "अगं ए, विरजण लावायचं आहे की दही ओतायचं आहे?" आम्ही पदराआड हसायचो. तुझे काका तर उघड हसायचे. मलाही ते म्हातारीचं खूळच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

सासूबाई गेल्या. मग पिशवीतली रोपं आली, कारखान्यात बाटलीत वाढवलेली. सगळी एका उंचीची, शाळेतल्या पोरांसारखी रांगेत. तेव्हा टोपलं बाजूला ठेवणारी पहिली कोण होती माहीत आहे? मीच. म्हटलं, सुटली बाई ती झंझट. म्हणजे माझ्या रागाचा एक वाटा माझ्यावरही आहे, तोही मोजून ठेव.

आणि मग तू आलीस, कॉलेजातल्या सुट्टीत, गळ्यात ते भिंग अडकवून. बांधावरची चवळी तू उपटलीस, मुळं तांब्यातल्या पाण्यात धुतलीस आणि मला म्हणालीस, "मावशी, बघ." मुळांना मोहरीएवढ्या गाठी. मला वाटलं रोग आहे. तू नखानं एक गाठ फोडलीस, आतून गुलाबी निघाली, हिरड्यांसारखी. म्हणालीस, हे इथे राहणारे जिवाणू आहेत, हवेतला नत्र धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना आपल्यातली साखर देतं. मग केळीचं मूळ दाखवलंस. म्हणालीस, याच्या आत एक बुरशी राहते, ती या भिंगातून नाही दिसायची, पण तिचे धागे मुळापासून लांब लांब जातात. जिथे मुळाचा हात पोचत नाही तिथून स्फुरद आणतात, जस्त आणतात. मी विचारलं, बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती? तर तू हसून लोळलीस. हसलीस ते हसलीस, पण मी विसरले नाही. चौथी शिकलेली बाई मी, पण त्या दिवसापासून जे हाताला लागेल ते वाचते, खताच्या पोत्यावरचं सुद्धा. आणि त्याच दिवशी मला सासूबाईंचं विरजण कळलं. दुधात कितीही साखर घाला, मलई घाला, विरजणाशिवाय दही लागतं का?

तर आषाढात पोरानं त्या पिवळ्या मैदानात केळीची रोपं लावली. पावसानं साथ दिली, ठिबकमधून खत गेलं, जे जे दुकानदारानं सांगितलं ते सगळं गेलं. आणि भादव्यापर्यंत झाडं गुडघ्याच्या वर सरकली नाहीत. पानं अरुंद, पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. पोर आणखी खत सोडतो, झाडं आणखी रुसतात. मी सांगितलं, अरे, ताट भरून वाढतोस, पण घास उचलून तोंडात घालणारे हात तू खड्ड्यात पुरलेस. तो म्हणाला, "माय, तू टेन्शन मत ले."

मग तो शहरात गेला आणि बाटल्या घेऊन आला. जिवाणूंच्या बाटल्या. म्हणजे कुठेतरी माझं बोलणं कानात गेलं होतं म्हणायचं. मला बरं वाटलं, मी त्या दिवशी शिरा केला. दुसऱ्या दिवशी वावरात गेले तर बाटल्या पंपाच्या पत्र्याच्या खोलीत, उन्हात तापलेल्या. बाटलीवर मराठीत लिहिलंय, हिंदीत लिहिलंय, थंड सावलीत ठेवा. आणि हा पठ्ठ्या त्या टाकीत ओततोय. शेजारी एक निळसर पाकीट फाटलेलं पडलेलं. उचलून वाचलं. बुरशीनाशक, तांब्याचं.

"हे कशाला?"

"मर रोग फिरतोय ना आपल्या भागात. दुकानवाल्यानं सांगितलं, दोन्ही एकदाच सोडून द्या, मजुरी वाचेल."

"एकाच टाकीत?"

"हां मग!"

अगं, मला हसावं की त्याच्या कानाखाली वाजवावी हे कळेना. पाहुण्यांना जेवायला बोलावलं आणि भाजीत उंदराचं औषध कालवलं! जिवंत म्हणून विकत आणले आणि दारातच मारले. मी तशीच गाडीवर बसले आणि म्हटलं, चल, तुझ्या दुकानवाल्याकडे. तिथे गेले तर त्याच्याही बाटल्या रस्त्याकडच्या काचेत, ऊन खात ओळीनं उभ्या. मी विचारलं, भाऊ, यात जिवंत काय उरलंय? तर म्हणतो, "माताजी, एकदम नंबर वन माल है. सब ले जाते हैं." मी म्हटलं, सब ले जाते हैं तर सगळ्यांच्याच घरी मयत आहे. दुकानातले दोघे-तिघे हसले. माझ्या लेकानं मान खाली घातली. त्याला दुकानदाराची नाही, माझी लाज वाटली. तो राग वेगळा, तो अजून गेला नाही.

त्याच आठवड्यात घरात दुसरीच एक गोष्ट निघाली. माझ्या दिरानं एक माणूस आणला. त्याला वावर पाहिजे, मॅरेज गार्डन करायला. आयतं सपाट आहेच म्हणाला. स्टेज, फव्वारा, हिरवं प्लास्टिकचं गवत. पोर मला म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो, माय. बाग सुधरली नाही तर उपटून टाकतो आणि देऊन टाकतो." मी विचारलं, आणि माती? तो म्हणाला, तिच्यावर सिमेंट येईल. इतकं सरळ बोलला, जसं काही दूध नासलं तर ओतून द्यायचं.

मग मी टोपलं काढलं.

पण जुन्या बागेची माती घ्यायला माझा हात धजेना. पोराचं एक म्हणणं खरं आहे, मर रोग मातीतूनच येतो, आणि शेजारच्या बागांची माती आता सासूबाईंच्या काळासारखी भरवशाची आहे असं कोण म्हणेल? म्हणून मी बांधावर गेले, कडुलिंबाजवळ, जिथे तूर आणि चवळी दरवर्षी येते आणि केळीचं पान सुद्धा कधी पडलेलं नाही. वरची चार बोटं माती घेतली. दोन ओळी निवडल्या, विहिरीकडच्या. मजुरणींना म्हटलं, बाजूला व्हा, हे माझं मी करते. प्रत्येक रोपाच्या बुडाशी मुळांपर्यंत उकरून एक मूठ. त्या दोन ओळींत खताची नळी बंद केली, नुसतं पाणी आणि शेणखत. फुकट ताट मिळालं की झाड त्या बुरशीला विचारत नाही, हे तूच सांगितलं होतंस. मधल्या जागेत चवळी टोकली, आणि शेजारच्या एका ओळीतही टोकली, जिथे मूठ घातली नव्हती. ताडून बघायला. तेवढं मला कळतं.

कमरेचं विचारू नको. आठ दिवस पाटावर बसता येत नव्हतं.

पंधरा-वीस दिवसांनी एक झाड कोलमडलं. माझ्याच ओळीतलं. पोर धावत घरी आला, "बघ! आणलास ना रोग!" सगळ्या मजुरणींसमोर सुद्धा म्हणाला असेल. कोयता घेतला, गेले, कंद उभा चिरला. मर असेल तर आत तांबडे-तपकिरी ठिपके, रेघा दिसतात. कंद आत पांढरा होता, मुळ्याच्या कापासारखा. खालची मुळं सडलेली, नळीचा जोड निसटून तिथे पाणी साचलं होतं. मी तो कंद त्याच्या हातात दिला. म्हटलं, वास घे. त्यानं घेतला. मग खाली वाकून नळीचा जोड बसवला.

आता परवाची गोष्ट. मी दोन्हीकडची चवळी उपटली. मूठ न घातलेल्या ओळीतली मुळं स्वच्छ, घासलेल्या दोऱ्यासारखी, एखाददुसरी गाठ, ती पण आतून पांढरी. माझ्या ओळीतली मुळं गाठींनी भरलेली. नखानं फोडली, गुलाबी! आणि केळीचं मधलं नवं पान रुंद निघालंय, हिरवं, बाकीच्या ओळींसारखं पिवळं नाही. पोर उकिडवा बसला, त्यानं स्वतः एक गाठ फोडली, बोटाला लागलेला रंग बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "माय, दोन ओळींचं झालं. सगळ्या वावराचं काय?" आवाज नरम होता. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला, दिराचा. तो माणूस दिवाळीनंतर मोजायला टेप घेऊन येतोय.

कदाचित मला जे दिसलं ते विरजणामुळे नसेलही. कदाचित शेणखतामुळे असेल, कदाचित खत बंद केलं म्हणून. मला काय माहीत, माझ्याकडे भिंग नाही. पण पोराला आईचं म्हणणं म्हणजे आईचं म्हणणं. तेच तू म्हणालीस तर ते शास्त्र. याचाही मला राग येतो, पण हा राग गिळून मी तुला लिहिते आहे, कारण वावर महत्त्वाचं आहे, माझं नाक नाही.

म्हणून तू ये. दिवाळीला नको, दिवाळीच्या आधी ये. मिठाई आणू नको, भिंग आण आणि बुरशीचे धागे दिसतील असं ते मोठं यंत्र आणता येत असेल तर ते आण. मी मूठ घातलेल्या आणि न घातलेल्या ओळींतल्या दोन-दोन झाडांना हात लावू दिलेला नाही, मुळं तुझ्यासमोरच काढीन. तुझा हा मावसभाऊच स्टेशनवर घ्यायला येईल. गाडीत बसलीस की वाटेत त्याच्याशी काही बोलू नको. सरळ वावरात चला, त्याला मातीत खाली बसव, आणि मग बोल. मी डब्यात मांडे आणि आमरसाऐवजी, आता आंबे कुठले, केळ्याचं शिकरण घेऊन बांधावर बसलेली असेन. लवकर ये गं.