कोणाची कोण?

चष्मा कपाळावर सरकवायचा, समोरच्याकडे नीट पाहायचं आणि विचारायचं, "कोणाची कोण वं तू?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या काकू, म्हणजे सगळेच ज्यांना काकू म्हणत त्या, धरमपेठेत वधूवर सूचक मंडळ चालवायच्या, त्यामुळे हा त्यांचा धंद्याचाच प्रश्न होता.

मला त्याची धास्ती वाटे. वडिलांच्या बदल्यांमुळे आम्ही नागपुरात नवे; शहरात एकही नातलग नाही. पहिल्या दिवशी मी खाली बघत म्हटलं, "कोणाचीच नाही. कॉम्प्युटरवाली." काकूंनी माझ्यापुढे चिवड्याची बशी सरकवली.

मंडळातल्या कुटुंबांची माहिती कॉम्प्युटरवर घालायचं काम मी शिकले त्या क्लासच्या सरांनी घेतलं होतं. माझी ती पहिली नोकरी. प्रत्येक कुटुंबाला मी क्रमांक दिला आणि काका, मामा, मावशी असे खाने केले. खान्यात त्या नातलगाच्या कुटुंबाचा क्रमांक घातला की ते कुटुंब पडद्यावर हजर. मामाचा खाना रिकामा ठेवता येत नसे. माझ्या हिशेबी मामा सगळ्यांनाच असतो.

लकडगंजच्या एका मुलीला नव्हता. यंत्र पुढे जाईना. काकू पडद्याला म्हणाल्या, "मामा नाही म्हणून पोरीचं लग्न अडवून राहिला का गा तू?"

मी ती सक्ती काढली. दुसऱ्या दिवशी त्यांना साडू हवा झाला, मग विहीण, मग बहिणीची नणंद. दर वेळी मी सगळं बंद करून नवा खाना बांधायची, तोवर बाहेरच्या बाकावर मुलींचे वडील घड्याळ बघत बसायचे. शेवटी सरांनी सांगितलं, शनिवारी काकूंच्या पसंतीला उतरलं नाही तर यंत्र परत जाईल, आणि नोकरीही.

त्या आठवड्यात मी एवढंच केलं: नातं कुठलंही सांगा, त्याचा खाना यंत्राने चालता चालता स्वतःच तयार करायचा.

शनिवारी सर मागे उभे. काकूंनी मुद्दाम अवघड काढलं. "लिही, पापड लाटायची मैत्रीण."

मी लिहिलं. यंत्र घरघरलं आणि नवा खाना उघडला. लकडगंजच्या त्याच मुलीच्या आईच्या नावापुढे मी काकूंनी सांगितलेल्या गांधीबागेतल्या एका बाईंचा क्रमांक घातला. त्यांचं अख्खं कुटुंब, लग्नाच्या मुलासकट, समोर आलं.

काकूंनी यंत्राच्या पाठीवर थाप मारली. "राहा गा आता इथंच."

मग त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, आता तुझं नाव टाक. मी आखडले.

"भिऊ नको, लग्न नाही करून राहिली मी तुह्यं. नातं लिही, आपली. क्रमांक एक."

क्रमांक एक काकूंच्या स्वतःच्या घराचा होता. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्याकडे चिवडा खाल्ला.

काकू गेल्या, त्यांच्या तेरवीला मी सतरंजीच्या कडेला टेकले होते. शेजारच्या अनोळखी बाईंनी विचारलं, "तुम्ही कोणाच्या कोण?"

"काकूंची," मी लगेच म्हटलं.

मला जागा करून देत त्या आत सरकल्या, आणि मी मांडी घालून नीट बसले.