विमलचं गाळलेलं पाणी

आमच्या टोलीत चार जण बसले की पाण्याचे किस्से निघतातच. एक सांगाले घेतला की दुसरा तोंडाशी येते. आता हसतो आम्ही. तवा मात्र पाण्याचा लोटा तोंडाले लावाले भेव वाटे!

*

गोंडपिपरीहून आरोग्यवाले भाऊ आले. आमच्या पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी काचेच्या गिलासात घेऊन उन्हात धरलं. आत बारीक ठिपके उड्या मारून राह्यले होते!

"हे पोटात गेले की नारू. वरसभर काई समजत नाई. मंग पायाले फोड येते, आग होते, अन् त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा निघते."

म्हातारी सखूबाई म्हणे, "जलमभर हेच पेलो, भाऊ. आता पोटात हातमागच लागला असन!"

कोणी हसलं नाई. माझी पोरगी विमल पहिल्या बाळंतपणाले आली होती. भरला लोटा हातात तसाच धरून उभी.

*

भाऊनं घरोघरी जाड फडकं देल्लं. माठाच्या तोंडाले बांधायचं, किडे वरच अडकतात. विमलले गाळल्याबिगर थेंब नाई!

आठवड्यानं भाऊ पाहाले आले अन् माठाजवळ थबकले. "बाई, कालपण हीच बाजू वर होती?"

माझी बायको कौतुकानं म्हणे, "नाई भाऊ, रोज पलटूनच बांधलं. एकच बाजू काऊन झिजवायची?"

भाऊ मटकन खाली बसले. वर अडकलेले सारे दुसऱ्या दिवशी माठात धुतले जात होते!

*

मंग शाळेच्या मास्तरांकडं धावलो. त्यांच्याकडं स्टीलचा फिल्टर. दोन डबे एकावर एक, वरच्यात पांढऱ्या मातीच्या कँडल. त्यांतून पाणी झिरपून खाली येते. गाळ, किडे वरच राहतात.

मास्तर म्हणे, "पाण्यातला खार तेवढा जात नाही, काका. बाकी बिनधास्त!"

रोज घागर भरून आणू लागलो. फक्त विमलसाठी. आम्ही बुढा-बुढी काय, कसंही पेत होतो.

एक दिवस मास्तरीणबाई खुशीत म्हणे, "काका, पहिले थेंबथेंब यायचं. मी त्या कँडलच काढून टाकल्या. आता कसं धडाधड येते!"

घागर तिथंच ठेवली.

*

विमलले पोरगी झाली, ती राजुऱ्याकडं सासरी गेली. माझ्या मनात ते वरस चालूच होतं. तिकडून कोणी आलं की बायको विचारे, "कशी आहे?" मी विचारो, "चालते कशी?"

येणारा माणूस माझ्या तोंडाकडंच पाहे!

*

वरस सरत आलं तसा मीच गेलो. विमल दारात आली. मी आधी तिचे पाय पाहले. साफ! जोडवी चमकत होती.

"जयभीम बाबा. आल्याबरोबर खाली काय पाहून राह्यले?"

"काई नाई." डोळे भरून आले होते.

तिनं लोटा आणून माझ्या पायावर पाणी ओतलं. केवढं बरं वाटलं! सकाळपासून टाच पेटली होती.

विमलचा हात थांबला.

"बाबा, हा फोड कधीचा?"

"चप्पल लागली असन."

रांगत माझ्याकडं येणारी पोरगी विमलनं उचलली अन् मागं सरली.