मिझुनो-सान घरी आल्या म्हणून

“पाऊल वाचेलच अशी खात्री आज देता येत नाही,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या डाव्या घोट्याचा एमआरआय स्क्रीनवर दाखवला. तोक्योत चार वर्षं काढल्यामुळे माझी जपानी बरी झाली आहे, म्हणून न कळल्याचं सोंगही करता येईना.

डायबेटिक अल्सर, म्हणजे मधुमेहामुळे न भरणारी जखम. बाहेरच्या घोट्यावर, रुपयाएवढी. ती दुखत नव्हती, कारण मला न्यूरोपॅथी होती. यात नसा बधिर होतात आणि पायाची तक्रार आपल्यापर्यंत पोचतच नाही. मोजा ओला लागला म्हणून मी पाहिलं, तर आतलं मांस दिसत होतं. हाडाला अजून लागण झाली नव्हती. ती झाली की पाऊल गेलं.

मधुमेह असलेल्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. मोजे काढल्यावर रोज पाय बघा. दुखायची वाट पाहू नका.

दहा दिवस हॉस्पिटलमध्ये राहिले. सलाइनमधून अँटिबायोटिक, दिवसातून चारदा साखर तपासणी, पाय उशीवर. जखम छान भरू लागली. घरी सोडताना डॉक्टरांनी ‘होमोन कांगो’ लिहून दिलं, म्हणजे नर्स घरी येऊन उपचार करणार.

तिसऱ्या दिवशी तोक्योच्या कोतो भागातल्या आमच्या फ्लॅटवर नर्स मिझुनो-सान, म्हणजे मिझुनोबाई, आल्या. पन्नाशीच्या, सायकलवरून, पाठीवर भली मोठी सॅक. मी पहिला प्रश्न विचारला, “डॉक्टर कधी येणार?”

“येणार नाहीत. त्यांच्या लेखी सूचना माझ्याकडे आहेत. बाकी जबाबदारी माझी.”

इथे माझी नोकरी सांगायला हवी. मी मुंबईच्या एका आरोग्य विमा कंपनीची माणूस. आता तोक्योतून ऑनलाइन काम करते, पण त्याआधी कॅशलेसच्या यादीत कुठलं हॉस्पिटल घ्यायचं, कुठलं नाही, हे आठ वर्षं मी ठरवत होते. नर्सने चालवलेल्या केंद्राचा अर्ज आला की जबाबदार डॉक्टरचा रकाना रिकामा दिसायचा आणि मी फुली मारायचे. पुढचं पान उलटायचेही नाही.

जित्याची खोड! मी मिझुनो-सानकडे कागद मागितले. त्यांनी शांतपणे फाइल उघडली. त्यांचं केंद्र स्वतंत्रपणे सरकारी आरोग्य विम्यात नोंदलेलं होतं. बिल तिथूनच विम्याकडे जाणार, प्रमुख म्हणून त्यांचंच नाव. डेब्रिडमेंट, म्हणजे जखमेतली मेलेली कातडी कापून काढणं, याचंही खास प्रशिक्षण त्यांनी घेतलं होतं.

ड्रेसिंग झाल्यावर त्यांनी विचारलं, “दिवसभर कुठे बसता, ते पाहू का?”

“जखम पाहा, घर कशाला?” मी फटकन म्हणाले. नवरा, विवेक, स्वयंपाकघरातून मराठीत ओरडला, “अगं, बघू दे की त्यांना!” मी ऐकलं नाही. मिझुनो-सान वाकून नमस्कार करून गेल्या. पुढच्या दोन खेपांनाही मी त्यांना बाहेरच्या खोलीच्या पुढे येऊ दिलं नाही.

आठवड्याने तपासणीला गेले, तर जखम चिघळलेली. कडा काळ्या पडलेल्या. डॉक्टर कोड्यात पडले. “इथे भरत होती, घरी बिघडली. दोन आठवडे पाहू. फरक पडला नाही तर शस्त्रक्रियेबद्दल बोलावं लागेल.” ‘कशाची शस्त्रक्रिया’ हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. परतीच्या ट्रेनमध्ये मी विवेकचा हात घट्ट धरून बसले होते. मला भयंकर भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मिझुनो-सान आल्या. त्यांनी आधी काळी कातडी इतक्या हलक्या हाताने काढली, की मी श्वास रोखून बघतच राहिले. मग तोच प्रश्न, त्याच सुरात. या वेळी मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि रोजच्यासारखं बसून दाखवलं. लाकडी जमीन, समोर बुटकं टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि मी मांडी घालून. जेवणही तिथेच, ऑफिसचं कामही तिथेच. लहानपणापासूनची सवय, तिच्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्यांनी आपला तळहात माझ्या डाव्या घोट्याखाली सरकवला. दोन मिनिटं तसाच ठेवला. मग काढून दाखवला. मधोमध लाल वळ उठला होता.

“तुम्हाला दुखत नाही. मला दुखलं,” त्या म्हणाल्या.

मी अक्षरशः किंचाळले! सापडलं! हॉस्पिटलमध्ये पलंगावर मांडी घालायला मिळत नव्हती म्हणून जखम भरत होती, आणि घरी आल्याबरोबर मी रोज आठ-आठ तास माझ्याच वजनाने तिला चिरडत होते. एमआरआयमध्ये हे कसं दिसणार? विवेकने त्याच संध्याकाळी खुर्ची आणि उंच टेबल आणलं. मिझुनो-साननी पायासाठी मऊ आधार बनवला आणि सगळं लिहून डॉक्टरांना कळवलं.

चौथ्या दिवशी तळाशी गुलाबी दाणे दिसले, म्हणजे नवं मांस. आम्ही दोघी टाळ्या पिटत होतो! दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी जखम मोजली, पुन्हा मोजली. “पाऊल वाचलं,” ते म्हणाले. “पण आभार माझे मानू नका.” मी तिथेच रडले आणि घरी येऊन मिझुनो-सानना फोनवर पुन्हा रडून दाखवलं.

नर्सने स्वतः चालवलेल्या केंद्रांना आपल्या यादीत स्वतंत्र जागा द्या, असा प्रस्ताव मी मुंबईला पाठवला आहे. सोबत घोट्याचे आधीचे आणि आताचे फोटो जोडले. साहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं: “पण जबाबदार डॉक्टर कोण?”

पुढच्या महिन्यात मीटिंग आहे. ऑनलाइन चालेल, असं त्यांनी कळवलंय. मी मुंबईचं तिकीट काढलं. त्यांच्या केबिनपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांनी चालत जाणार आहे, भांडायला.