मोतीबाईचं नख

रिठदच्या मोतीबाईला ओळखायचं तर उजव्या अंगठ्याचं नख पाहावं. बाकीची नऊ नखं मातीत झिजून गेलेली, हे एकटं मात्र विळ्याच्या पात्यासारखं वाढवलेलं. शेवंतीचे शेंडे खुडण्यासाठी. शेंडा खुडला की झाडाला फांद्या फुटतात, फुलं जास्त लागतात. लोक त्यासाठी विळा घेतात, नाहीतर ब्लेड. मोतीबाई नाही. देवीला वाहायच्या फुलाच्या झाडाला लोखंड लावायचं नाही, हा तिच्या आईचा नेम. तो मोतीबाईनं देवपूजेइतकाच कडक पाळला.

घरामागच्या वाफ्यांतली पिवळी शेवंतीही आईचीच. लग्नात ओटीत एक रोप आलं होतं, त्याचा हा पसारा. फूल लहानसंच, पण वास दारापर्यंत यायचा. दसऱ्याला गावच्या देवीची पहिली माळ मोतीबाईच्या घरची असायची, आणि गल्लीतली पोरगी सासरी निघाली की तिच्या ओटीत याच शेवंतीचं एक रोप पडायचं. न मागता.

दोन वर्षांमागं तिच्या नवऱ्यानं, रामधननं, जत्रेतून पांढऱ्या टपोऱ्या शेवंतीची कुंडी आणली.

"फूल पाह्य केवढं हाय," तो म्हणाला.

"वास कुठी हाय?" मोतीबाईनं नाक लावून विचारलं. तरी रोप जिवंत आहे, टाकायचं कसं, म्हणून वाफ्याच्या तोंडाशीच लावलं. रोज सकाळी आंघोळ करून, देवीचं नाव घेत ती वाफ्यात शिरायची. पहिला शेंडा त्या पांढरीचा, मग रांगेनं सगळ्या पिवळ्या.

पुढच्या हंगामात पिवळी शेवंती खुजी राहिली. कमरेला लागणारी झाडं गुडघ्यालाही येईनात. पानं फिकट, फुलं शर्टाच्या गुंड्यांएवढी, तीही वेळेआधीच उमललेली. रामधननं दोनदा औषध फवारलं. मोतीबाईनं दृष्ट काढली, पाच मंगळवार धरले. दसऱ्याची माळ गुंफताना मात्र तिचे डोळे भरून आले. माळ देवीच्या गळ्यात जेमतेम बसली.

शेजारच्या शेषरावची नात धम्मदीपा अकोल्याला शेतकी शिकते. दिवाळीत ती घरी आली, वाफ्यात बसली आणि झाडांपेक्षा मोतीबाईच्या अंगठ्याकडेच जास्त वेळ पाहत राहिली. जाताना वेगवेगळ्या झाडांची पानं पिशव्यांत घालून घेऊन गेली. तपासणी होऊन यायला महिना लागला. मग ती परत आली आणि ओट्यावर टेकली.

"काकू, याले व्हायरॉइड म्हंतेत. विषाणूपेक्षाही बारीक. विषाणूले निदान अंगावर एक कपडा असते, याले तोही नाई. नुसता धागा."

"नागडाच फिरते म्हन," रामधन म्हणाला.

"फिरत नाई न, काका. त्याले कोनीतरी न्या लागते. झाडाच्या रसातून जाते. रोगी झाडाची काडी लावली त जाते. विळ्यातून जाते, हातातून जाते." तिनं मोतीबाईच्या अंगठ्याकडे पाहिलं. "नखातूनही."

मोतीबाईनं अंगठा मुठीत लपवला.

"पांढरीत होतं काय ते?"

"होतं. वरून धड दिसे, म्हनून कोनाले समजलं नाई."

"मंग औषध सांग."

"औषध नाई, काकू. उपटून जाळा लागते. उकिरड्यावरही टाकू नोका."

कुंडी रामधननंच आणली होती. मोतीबाई उठून वाफ्यात गेली. आईच्या हातचं असं तिच्यापाशी एवढंच उरलं होतं, आणि ते तिनंच रोज सकाळी, देवीचं नाव घेत, एकेक करून बिघडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळा वाफा उपटून पेटवला. मग गेल्या दोन वर्षांत सासरी गेलेल्या चारही पोरींना स्वतः फोन लावला. "मी देल्लेलं रोप जाळून टाक, बाई. माह्या नखानं त्याले रोग देल्ला." सांगायला जड गेलं, पण सांगितलं.

त्याआधीची रोपं बहुतेक कुठं ना कुठं वाळून गेली होती. एक मात्र जगलं होतं. सहा वर्षांमागं लेक निता मंगरूळपीरकडं दिली, तिच्या अंगणातलं. पांढरी आली त्याच्या कितीतरी आधीचं.

"ते चालन," धम्मदीपा म्हणाली. "पन तुमी तिकडं जाऊन खुडलं त नाई?"

मोतीबाईला नक्की आठवेना. गेल्या संक्रांतीला ती तिकडं गेली होती. झाड दिसलं की अंगठा आपोआप पुढं जायचा. तिनं नितालाच फोन लावला.

निता हसायला लागली. "आई, तू खुडाले गेल्ती, पन माह्या सासूनं हात धरला. दिवे लागनीले झाडाले हात लावू नोका म्हने. तू रागारागानं घरात गेल्ती न जेवलीही नाई."

आठवलं. विहीण सोनीबाईनं चारचौघांत हात धरला होता, आणि तेव्हापासून मोतीबाई तिच्याशी मोजकंच बोलत होती. धम्मदीपानं त्या झाडाची पानंही मागवून तपासली. झाड निरोगी निघालं.

मोतीबाई आणि रामधन एसटीनं निघाले. पोचेपर्यंत दिवस मावळला. मोतीबाई पिशवी न ठेवताच शेवंतीकडे वळली, तर सोनीबाई आडवी.

"दिवे लागनी झाली, इहीनबाई."

"झाली न," मोतीबाई म्हणाली आणि मुकाट्यानं पाय धुवायला गेली. सोनीबाई पाहतच राहिली. भांडणाची तयारी तिनं करून ठेवली होती, ती वाया गेली.

सकाळी मोतीबाईनं हात साबणानं धुतले आणि पदरातून ज्वारीच्या धांड्याच्या सालीच्या पातळ चिपा काढल्या. बोट कापेल अशी धार असते त्यांना. एका रोपाला एक चीप, काम झालं की फेकायची.

"हे काय वं नवीन?" सोनीबाईनं विचारलं.

"लोखंडही नाई न नखही नाई." मोतीबाईनं अंगठा दाखवला. नख मुळापर्यंत कापलेलं. तीस वर्षांत पहिल्यांदा ते बोट बाकीच्या नऊ बोटांसारखं दिसत होतं.

बुडाशी फुटलेली मुळासकट सात रोपं निघाली. निघताना सोनीबाईनं मोतीबाईला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि तिच्याच ओटीत ती रोपं घातली.

"लेकीले देल्ली होती, आता आईले देतो. नीट सांभाळजा. मागच्या वेळी सांभाळलं मीच."

मोतीबाई हसली. एवढा टोमणा मारायचा सोनीबाईला हक्क होता.

दसऱ्याला विहीण मुद्दाम रिठदला आली. देवीच्या गळ्यात पिवळी माळ होती आणि देवळाच्या दारापर्यंत वास येत होता.

"माळ लहान हाय," सोनीबाई म्हणाली.

"सात रोपांची केवढी होईन," मोतीबाई म्हणाली. "पुढच्या साली पाह्यजा."