तीनदा आणि मग थाप

माझ्या आवडत्या जॅझ रेकॉर्डी किती, असं कुणी विचारलं तर मी तीन म्हणतो, कारण माझ्याकडे आहेतच तीन. वडील नगरजवळ भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून होते. बदली होऊन निघालेल्या एका साहेबानं सामान हलकं करताना रेकॉर्ड प्लेअर आणि या रेकॉर्डी त्यांच्या गळ्यात मारल्या. वडिलांना त्यातलं काही कळलं नाही. मलाही कळलं असं नाही, पण आवडलं.

पियानोची रेकॉर्ड लावली की मला नागापूरच्या कारखान्यातले सुरुवातीचे दिवस आठवतात. लेथवर आठ तास उभं राहून आलो की गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून ती ऐकायचो. दुसरीत एक बाई गाते. ती बायकोची आवडती. बायकोला इंग्रजीचा गंध नाही, पण या बाईला कुणीतरी फार छळलंय, हे तिचं मत लग्नापासून कायम आहे.

तिसरी ट्रम्पेटची. ती लावली की माझा भिंगारचा मित्र आठवतो. तो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. वडिलांना तो घरात आलेला खपत नसे, म्हणून बाहेर ओट्यावर बसून खिडकीतून ऐकायचा आणि घरी जाऊन वाजवून बघायचा. त्या रेकॉर्डीवर एक ओरखडा होता. तिथं पिन अडकायची आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजायची. मी दोनदा वाट बघायचो, तिसऱ्यांदा प्लेअरच्या पेटीवर थाप मारायचो, की गाणं पुढं सरकायचं.

माझ्या वरातीत त्यानं मला आहेर म्हणून तीच धून वाजवली. ती ओळ आली. एकदा, दोनदा, तीनदा, आणि मोठ्या ढोलावर धम्म! मग पुढची ओळ. मी घोड्यावर हसत सुटलो. नवरदेव फारच खुशीत आहे, असं पाहुण्यांनी ठरवून टाकलं. त्याचा चेहरा इतका फुलला होता की हे ओरखड्याचं आहे, गाण्यातलं नाही, असं सांगायचा धीर झाला नाही, आणि पुढं तर ती त्याच्या बँडची खूणच झाली. निम्मं नगर त्या धम्मवर नाचलंय.

आता आम्ही सावेडीत राहतो. दर रविवारी सकाळी तो स्कूटरवरून यायचा, जुन्या सवयीनं बाहेर पायरीवरच बसायचा, मी आत रेकॉर्ड लावायचो, मग आम्ही जुन्या गोष्टी काढायचो. दोन वर्षांपूर्वी त्याचे पुढचे दात गेले, कवळी आली आणि ट्रम्पेट कपाटावर गेलं. मग त्यानं येणंही सोडलं. “ऐकलं की ओठ शिवशिवत्यात, नगं,” म्हणाला. मला रविवार खायला उठायचा.

शेवटी गेल्या महिन्यात एका रविवारी जाऊन त्याला जवळजवळ ओढूनच आणलं. आमच्या मुलीनं तेच गाणं मोबाईलवर शोधून दिलं होतं, स्वच्छ, बिनओरखड्याचं. मोठ्या हौसेनं लावलं. ती ओळ एकदाच आली आणि गाणं पुढं निघून गेलं.

“थांब,” तो म्हणाला. “ह्ये खोटं हाय. तीनदा कुठं गेलं? आन् धम्म?”

आधीच हिरमुसलेल्या माणसाला, तू जन्मभर चुकीचं वाजवलंस, हे कसं सांगायचं? पण बायको आतून ओरडली, “सांगा आता भावजींना, किती वर्षं दडवणार!” मग मी ओरखडा सांगितला, थाप सांगितली.

त्यानं कोपऱ्यातल्या पेटीकडं पाहिलं. “म्हंजी त्यो धम्म तुजा हात हुता व्हय?”

“हो.”

“मंग आमचंच बरं हाय,” तो म्हणाला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. मग चहा पिऊन गेला.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा काखेत पिशवी होती, पिशवीत ट्रम्पेट. कवळी काढून त्यानं बायकोच्या बशीत ठेवली, बायकोनं कपाळावर हात मारला. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग फाटका, घोगरा सूर. मग ती ओळ, ओळखू येईल इतकी. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा झाली आणि तो थांबला, गाल फुगवलेले, डोळे माझ्यावर.

मी पेटीवर थाप मारली.