डभोईला पोहोचवलेला वाटा

वसुंधराबाई जगदाळे यांच्या घरी वाटी पाठवली तर ती रिकामी परत येत नाही, आणि माणूस पाठवला तर तो चार शब्द ऐकल्याशिवाय परत येत नाही, असे आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत म्हणत. बडोद्यात बिऱ्हाड केले त्या पहिल्याच आठवड्यात मला दोन्हींचा अनुभव आला. विरजण मागायला गेलो होतो. विरजणाबरोबर मेथीच्या वड्या मिळाल्या आणि "एवढे शिकलात, पण दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभं राहायचं असतं, हे कॉलेजात सांगत नाहीत वाटतं," हेही मिळाले.

शेजारी आणखी एक गोष्ट म्हणत, ती मात्र आवाज खाली आणून. वसुंधराबाई या भास्कररावांच्या दुसऱ्या पत्नी. पहिली पत्नी वारली तेव्हा देवश्री ही मुलगी शाळेत जात होती. ती डभोईला मावशीकडे वाढली, तिथल्याच हेरंब नावाच्या भांड्यांच्या दुकानदाराशी तिचे लग्न झाले, आणि वडिलांच्या घरी ती सणासुदीला तासाभरापुरती येई. चहाचा कप अर्धा ठेवून निघून जाई. "सावत्र आईच्या घरात पोरीनं बसावं तरी कुठं," असे म्हणत सोसायटीतल्या बायका पुन्हा भाजी निवडायला लागत. वसुंधराबाईंना हे ऐकू येत असे. त्यांना सगळेच ऐकू येत असे.

भास्करराव एका कारखान्यात फोरमन होते. दोन हजार एक सालच्या थंडीत ते अचानक गेले. मृत्युपत्र त्यांनी केले नव्हते. कोणी विषय काढला तर म्हणत, "घर भाड्याचं, गाव सुटलेलं. स्कूटरसाठी का वकील गाठू?" मागे खरोखरच स्कूटर राहिली, आणि राहिली फार पूर्वी उतरवलेली विम्याची एक पॉलिसी. तिच्यावर नॉमिनी म्हणून वसुंधराबाईंचे नाव होते.

दिवसकार्य आटोपल्यावर चुलत दीर उदयसिंहराव पायांत जोडे चढवता चढवता म्हणाले, "वहिनी, एक बरं केलं दादानं. नाव तुमचं आहे, म्हणजे रक्कम तुमची. आता कुणी वाकडं बोट दाखवू शकत नाही."

सोसायटीतल्या सर्वांचे मत हेच होते. माझेही होते. वसुंधराबाईंचेही असावे, कारण त्या अगदी निश्चिंत मनाने विमा कार्यालयात गेल्या. तिथल्या प्रौढ गुजराती अधिकाऱ्याला त्यांनी सहज विचारले, की पैसे आले म्हणजे माझेच ना.

"आवशे तमारा हाथमां, बेन," तो म्हणाला आणि पुढे मोडक्या मराठीत त्याने समजावले, "पण हातात येणं वेगळं, मालकी वेगळी. नॉमिनीनं घ्यायचं आणि वारसांना पोहोचवायचं. वसियत नाही ना केली साहेबांनी? मग तुम्ही, मुलगा, मुलगी, तिघांचा सरखा हिस्सो."

"मुलीचं लग्न झालंय."

"तरी पण."

"ती माझी नाही. पहिलीची आहे."

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. "बाप तो एक ज ने, बेन?"

परत आल्या त्या या वाक्यासकट. जिन्यातच मला थांबवून त्यांनी ते ऐकवले आणि म्हणाल्या, "माणूस चहासुद्धा न विचारणारा होता, पण बोलला बरोबर."

त्यांचा मुलगा अनीश तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता. नव्या मोटारसायकलीचे रंगीत पत्रक त्याच्या उशाखाली असे. तो म्हणाला, "आई, मग माझ्या बाइकचं काय?"

"तुझ्या वाट्यात बसेल ती घे. ताईच्या वाट्याचं चाक तुझ्या बाइकला लागणार नाही."

"एका चाकाची मिळत नाही गं."

"मग बापाची स्कूटर पूस. तिला दोन आहेत."

उदयसिंहराव हे ऐकून धावत आले. त्यांच्याकडे तोडगा तयार होता, आणि तो त्यांनी शोधून काढलेला नव्हता. आमच्या सगळ्यांच्याच घरांत तो चालत आला आहे. लेकीला माहेरी बोलवायचे, जेवू घालायचे, 'मला काही नको' अशा कागदावर तिची सही घ्यायची, आणि साडी देऊन, खणानारळाने ओटी भरून तिला वाटेला लावायचे. सही करताना लेकही हसतमुख असते, कारण न करणाऱ्या लेकीला पुढे माहेर उरत नाही.

"लग्नात दिलंच आहे तिला," ते म्हणाले. "एक बरीशी साडी घ्या. विषय संपवा."

"साडी मी तिला अशीही देईन, भाऊजी. सहीवर साडी फुकट, अशी योजना चालवायला माझं दुकान नाही."

पैसे खात्यात जमा झाल्यावर वसुंधराबाईंनी हेरंबच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला, की विम्याच्या कामासाठी देवश्रीला पाठवा. निरोप एवढाच होता, आणि चूक तिथेच झाली. विम्याचे काम आणि माहेरचे बोलावणे, या दोन गोष्टी एकत्र ऐकल्यावर कोणत्याही लेकीने जो अर्थ लावला असता, तोच देवश्रीने लावला.

ती रविवारी आली. पावतीवर साक्षीदार लागेल म्हणून वसुंधराबाईंनी मला बसवून घेतले होते. देवश्री दारातच उभी राहिली. पर्समधून पेन काढूनच ती आली होती.

"सही कुठं करायची? मला परतीची बस गाठायची आहे."

"आधी जेव."

"जेवून निघालेय."

"डभोईत लोक सकाळी आठला जेवतात?"

देवश्री खुर्चीच्या कडेवर टेकली. वसुंधराबाईंनी पावती पुढे केली आणि तिच्यावर चेक ठेवला. देवश्रीने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि तिचा चेहरा उतरला. सोडून देण्याची तयारी करून आलेल्या माणसाला घ्यायला लावणे किती अवघड असते, ते मी त्या दिवशी पाहिले.

"हे कशाला?"

"तिघांतला तुझा वाटा आहे."

"तुमच्या हातून मला काही नको," ती हळू आवाजात म्हणाली. "इतकी वर्षं नव्हतं लागलं. दया आता कशाला?"

"दया करणारी बाई दिसते का मी? विचार यांना. कायदा आहे. पटत नसेल तर दिल्लीला पत्र लिही."

देवश्रीने पेन पर्समध्ये टाकले आणि ती उठली. जिना उतरतानाही तिने मागे पाहिले नाही. त्या संध्याकाळी सोसायटीचे एकमत झाले, की वसुंधराबाईंनी आपले कर्तव्य केले. मुलगीच घेत नाही, तर त्या तरी काय करणार. असे सुटसुटीत मोकळे होणे फार थोड्यांच्या वाट्याला येते. वसुंधराबाईंनी मात्र चेक डब्यात ठेवला आणि पुढच्या गुरुवारी त्या डभोईच्या बसमध्ये बसल्या.

पुढचे मला हेरंबने सांगितले. हिरा भागोळ या जुन्या वेशीजवळच्या त्याच्या दुकानात गिऱ्हाईक होते. सासूबाईंना पाहून तो गादीवरून उठला. चेकची हकीकत त्याला ठाऊक होती. तो अदबीने म्हणाला, "द्या माझ्याकडे, मी तिला समजावतो."

"तुमचा वाटा नाही यात, जावईबापू. तुम्ही चहा सांगा. आहे कुठं ती?"

दुकानावरच घर होते. वसुंधराबाई आल्याची कुणकुण लागताच देवश्री गव्हाचे वाळवण हलवायच्या निमित्ताने गच्चीवर गेली होती. जिना उभा आणि अरुंद. वसुंधराबाई प्रत्येक वळणावर थांबत, धापा टाकत वर पोहोचल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. हेरंब चहाचा ट्रे घेऊन शेवटच्या पायरीवर तसाच थांबला.

"तेव्हाही तू गच्चीवरच होतीस," श्वास जुळल्यावर वसुंधराबाई म्हणाल्या. "माझं लग्न झालं त्या महिन्यात तुला न्यायला आले होते मी. तुझे बाबा आलेच नाहीत, त्यांना तुझी भीती वाटायची. मावशीनं खालून हाका मारल्या, तू आली नाहीस. मी बसले, शिरा खाल्ला आणि परत गेले. त्या दिवशी वर यायला हवं होतं."

"का नाही आलात?"

"नवी साडी होती, आणि तुझी मलाही भीती वाटत होती."

देवश्री गहू हलवत राहिली. मग तोंड फिरवूनच म्हणाली, "तो शिरा मावशीनं माझ्यासाठी केला होता."

"खाली आली असतीस तर मिळाला असता."

हेरंब सांगतो, की देवश्रीला हसायचे नव्हते. तिने पदर तोंडाला लावला, खोकल्याचे सोंग केले, आणि शेवटी गव्हाशेजारी खाली बसून ती हसली, हसता हसता रडली, आणि मग तिने चहा मागितला. वसुंधराबाईंनी चेक तिच्या हातात दिला. तिने तो घडी न घालता धरून ठेवला आणि विचारले, "पावतीवर सही?"

"पेन आण. चढून आलेय, उतरून पेन आणायला परत जाणार नाही."

त्या रात्री वसुंधराबाई डभोईलाच राहिल्या. देवश्रीने पैसे स्वतःच्या नावावर ठेवले. हेरंबने एकदा दुकानात नव्या फळ्या बसवण्याचा विषय काढला, तेव्हा तिने त्याला दिल्लीला पत्र लिहायला सांगितले म्हणे.

ही बातमी उदयसिंहरावांना लागली तेव्हा ते मुद्दाम मांजलपूरला आले. मी नेमका वाटी परत करायला गेलो होतो. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "वहिनी, पोरगी साक्षीदारासमोर नको म्हणाली होती. तुम्ही गप्प बसला असता तर कुणी एक शब्द काढला नसता. एवढी बस करून, जिने चढून पैसे द्यायला जायचं कारण काय?"

वसुंधराबाई शेंगा फोडत होत्या. वर न पाहता त्या म्हणाल्या, "नको म्हणाली ती मला, भाऊजी. बापाला नाही."